दुसऱ्याच्या पायांचा नवस

सायबुआ उभ्या आयुष्यात घाईघाईत एकच नवस बोलली, आणि तोही दुसऱ्याच्या पायांवर.

एरवी देवाशी बोलताना ती फार जपून बोलणारी बाई. थाखामच्या नदीघाटावर चाओ फोंचं, म्हणजे गावाच्या राखणदार देवाचं, देऊळ आहे. तिथे नवस बोलायची रीत पक्की आहे. आधी आपलं नाव सांगायचं, मग गाव, मग मागणं, आणि ते पुरं झालं तर काय देणार ते शेवटी. देवापुढे मोघम बोललेलं चालत नाही. अंडी उकडून देईन म्हटलं तर किती ते सांगावं लागतं, नाच करीन म्हटलं तर कोण नाचणार ते. ही रीत गल्लीतल्या पोरीबाळींना सायबुआनेच शिकवली होती.

रोज पहाटे भिक्षेला निघालेल्या भन्तेंच्या पात्रात भात वाढल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. अष्टमीला, पौर्णिमेला आणि अमावस्येला पांढरी वस्त्रं नेसून अष्टशील पाळायची. त्या दिवशी दुपारनंतर जेवण नाही, फुलं-अत्तर नाही, मऊ बिछाना नाही. नाच, गाणं, खेळ-तमाशा पाहायचा नाही. बाकीचे नियम तिला अंगवळणी पडले होते. हा शेवटचा मात्र जड जायचा, कारण तिची पेजेची गाडी नेमकी थाखाम क्लबच्या मैदानाच्या फाटकाला लागून होती.

क्लबच्या जर्सीवर शिंगं रोखलेला काळा रेडा होता, म्हणून अख्खा गाव खेळाडूंना रेडेच म्हणायचा. उपोसथाच्या, म्हणजे या अष्टशीलाच्या दिवशी सामना आला की सायबुआ गाडी झाकून, मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायची. कान मात्र उघडेच. कानांना झाकण नसतं, असं थोरल्या भन्तेंनीच एकदा हसत सांगितलं होतं. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तिला आवाजांची भाषा यायला लागली होती. लोकांचा 'ओऽऽ' चढून खाली गेला की चेंडू खांबाला लागला. शिट्ट्या आल्या की पंच चुकला. आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं, की कुणीतरी पेनल्टी मारायला उभं राहिलंय.

नवसाची गोष्ट घडली ती मात्र साध्या वारी, देशातल्या कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याला. सामना बँकॉकला होता. गावात उरलेले सगळे सायबुआच्या गाडीपाशी टीव्हीसमोर जमले होते. बरोबरी झाली, जादा वेळ संपला, पेनल्टी सुरू झाल्या. आपला गोलरक्षक निरुत हातमोज्यांवर थुंकत उभा. पडद्यावर कोच मुरोईंचा चेहरा दिसला. हाताची घडी, ओठ मिटलेले, लाकडात कोरल्यासारखा. जपानहून आल्यापासून तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी तिच्याकडे पेज खायला येत होता, आणि तिने त्याला एकदाही हसताना पाहिलं नव्हतं.

समोरचा खेळाडू धावत निघाला आणि सायबुआचे हात जोडले गेले.

"चाओ फो, मी थाखामची सायबुआ, फाटकाजवळची. या पोराच्या हाताला एवढा एक चेंडू लागू द्या. माझा नाच तुम्ही पुष्कळदा पाहिलात. या खेपेला कोच मुरोई स्वतः तुमच्या अंगणात नाचतील. पुऱ्या पोशाखात, मुकुट घालून!"

चेंडू निरुतच्या हाताला नाही, गुडघ्याला लागला. पण लागला. कप थाखामचा झाला.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कुणी पातेलं बडवायला घेतलं. त्या गोंधळात देवळाचे पुजारी थोंगमाकाका सायबुआच्या कानाशी आले.

"पोरी, तू काय बोललीस ते ऐकलं मी."

"काका, तोंडातून निघून गेलं हो!"

"तुझ्या तोंडातून गेलं ते त्यांच्या कानात गेलं. नाव, गाव, मागणं, देणं, सगळं रीतसर. मला तर बोट ठेवायला जागा सापडली नाही."

"कोचना कोण सांगणार?"

"ज्यांचे पाय गहाण टाकलेस, त्यांना तूच सांग," काका म्हणाले आणि पातेलं बडवणाऱ्यांत जाऊन मिसळले.

कप जिंकणाऱ्याला आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत जागा मिळते. थाखामसारख्या गावाला ही जागा पहिल्यांदाच मिळत होती. संघ उघड्या ट्रकवरून गावात आला. बायकांनी झेंडूच्या माळा फेकल्या, त्यातली एक मुरोईंच्या डोक्यावर अडकली. ती त्यांनी काढून, सरळ करून, शेजारच्या खेळाडूच्या गळ्यात घातली. हे पाहून सायबुआचा होता नव्हता तो धीर गेला. या माणसाला नाच म्हणून सांगायचं?

तिने दुसरा मार्ग काढला. शाळेत नृत्य शिकवणाऱ्या पेन्सीबाईंचं एक नाचाचं पथक होतं. लोक नवस फेडायला त्यांनाच बोलवायचे. पथक आलं. सोनेरी मुकुट घालून सहा जणी सुरेख नाचल्या. देवळाच्या अंगणात लोकांनी वाहिलेले प्लॅस्टरचे रेडे दाटीवाटीने उभे असतात, त्यांच्या गळ्यात क्लबचे मफलर. त्या सगळ्या रेड्यांसमोर सायबुआने उकडलेल्या अंड्यांच्या टोपल्या मांडल्या, लाल सरबताच्या बाटल्या नळी घालून ठेवल्या. मग काकांनी देवाला कौल लावला. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे असतात. एक उताणा नि एक पालथा पडला तर होकार.

दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले, दोन्ही पालथे. तिसऱ्यांदा एक तुकडा घरंगळत थेट पेन्सीबाईंच्या पायाशी गेला आणि तिथे तोही पालथा झाला.

"माझ्या पायांकडे बघून देव नाही म्हणतायत," पेन्सीबाई कपाळाचा घाम टिपत म्हणाल्या. "त्यांना जपानी पाय पाहिजेत."

पावसाळ्यात नवा मोसम सुरू झाला. देशातल्या लीगमध्ये रेडे चिखलात सोडल्यासारखे खूष होते. घरच्या मैदानावर कुणाला जिंकू देत नव्हते. पण आशियाच्या स्पर्धेत उतरले की त्यांना काय व्हायचं कोण जाणे. कोरियात चार गोल खाऊन आले. मग व्हिएतनामला गेले, आणि तिथे निरुतच्या पोटाखालून चेंडू असा सरकत गेला, जसा शेजारच्या घरात निघालाय.

दुसऱ्या दिवशी गाडीपाशी एकच विषय.

"मावशी, कोच कधी नाचणार?"

"मुकुटाचं माप घेतलंत का मावशी?"

"हसू नका रे. चार गोल काय उगाच पडले? देवाचं देणं राहिलंय!"

गंमत अशी की सगळ्या गावाला नवस ठाऊक होता, फक्त कोचना नव्हता. त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. खेळाडूंची तर नव्हतीच, कारण उशीर झाला तर ते मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

शेवटी एका सकाळी सायबुआने वाडगा त्यांच्यापुढे ठेवला, वर अंडं फोडलं, आलं भुरभुरलं, आणि तिथेच उभी राहिली.

"कोच, माझ्याकडून तुमचा एक अपराध झालाय."

मुरोईंनी चमचा खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं. मुकुटसुद्धा सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. तीन वर्षांत भाषा बरीच आली होती, पण जपून, मोजकी वापरायचे.

"मावशी, मी नाचत नाही. लहानपणी नाही, लग्नात नाही. मी सराव घेतो. चेंडू सरावाने अडतो."

"तो गुडघ्याला लागला होता, कोच."

"हो," ते म्हणाले. "गुडघ्याचा सराव आम्ही केला नव्हता." पण मग उठून, वाकून नमस्कार करून निघून गेले. तो नकार होता.

सायबुआने पुन्हा विषय काढला नाही. मागून घेतलेला नाच देवाला काय पोचणार? रेडे पडत-झडत पुढे चालले होते. हाँगकाँगला बरोबरी झाली. तोच संघ इकडे आला तेव्हा आपल्या संघातल्या ब्राझीलच्या एदीलसोंने डोक्याने गोल घातला, जिंकलो. मग कोरियावाले आले आणि पुन्हा तीन घालून गेले. आता शेवटचा सामना उरला. व्हिएतनामशी, इथे थाखामलाच. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाहीतर खेळ खलास. क्लबच्या कार्यालयात कोचना निरोप द्यायची भाषा सुरू झालीय, असं थोंगमाकाका हळूच सांगून गेले.

त्या दिवशी सायबुआ झाकपाक करून घाटावर गेली. देवापुढे उदबत्ती लावून गुडघ्यांवर बसली. या खेपेला अजिबात घाई केली नाही.

"चाओ फो, मी थाखामची सायबुआ, फाटकाजवळची. बोलले मी, आणि फेडता येत नाही. मुलांनी काही केलं नाही, कोचनी काही केलं नाही. त्यांचे पाय माझे नव्हते. चूक माझी आहे. जी काही शिक्षा द्यायची असेल ती मला एकटीला द्या. त्यांना मोकळं करा."

हे बोलून ती घरी गेली. काकांनी मात्र ते ऐकलं होतं. आणि काका म्हणजे पोटात गोष्ट राहणारा माणूसच नव्हे. मुरोई रोज पहाटे घाटावरून धावत जायचे. दुसऱ्या दिवशी काका झाडू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"कोच, हरल्यावर तुम्ही पत्रकारांना काय सांगता हो?"

मुरोई जागच्या जागी धावत राहिले. "सांगतो, चूक माझी. खेळाडूंची नाही."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"मग आमची सायबुआ काल इथे बसून तेच सांगून गेली. तुमच्याबद्दल. देवाला म्हणाली, जी शिक्षा द्यायची ती मला एकटीला द्या."

मुरोईंचे पाय थांबले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नाच किती मिनिटांचा असतो?"

यातलं सायबुआला काही ठाऊक नव्हतं. मुरोई पेजेला येत, खात, वाकून नमस्कार करत, जात. फक्त दोन-तीनदा ते वाडगा परत देताना हाताची बोटं विचित्र मागे वाकवताना दिसले. सांधे दुखत असतील म्हणून तिने जरा आलं जास्त घातलं. सामन्याच्या आदल्या दिवशी पेन्सीबाई धापा टाकत गाडीपाशी आल्या.

"सायबुआ, उद्या सकाळी देवळात ये. नाच आहे!"

"कुणाचा?"

"कुणाचा काय! आठवडाभर शिकवतेय मी. सामानाच्या खोलीत दार लावून. अगं, त्यांनी पावलं टाकायच्या जागी मैदानातले ते केशरी शंकू मांडलेत! 'बाई, शंकू चार ते शंकू पाच, हात कुठे?' मी जन्मात असा विद्यार्थी पाहिला नाही. लय शून्य. पण चुकत नाही माणूस!"

सायबुआच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच ती दचकली.

"उद्या? बाई, उद्या पौर्णिमा!"

"मग?"

"माझं अष्टशील असतं. नाच पाहायचा नाही."

पेन्सीबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे ज्या बाईपायी त्या बिचाऱ्याने बोटं मोडून घेतली, ती बाई पाहणार नाही?"

"परवा ठेवता येईल का?"

"परवा सामना होऊन गेलेला असेल. विचार मग काकांना."

काकांनी दोन शब्दांत निकाल दिला. "नाच देवाला बघायचाय. तुला कुणी बोलावलंय?"

पौर्णिमेच्या सकाळी देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. संघ आला होता, खेळाडूंच्या आया आल्या होत्या, बाजारातल्या मासेवाल्या टोपल्या घेऊन आल्या होत्या. पांढऱ्या वस्त्रांतली सायबुआ कडेकडेने आत आली आणि अंगणाकडे पाठ करून एका खांबापाशी बसली. हात जोडले. मागे झांजा वाजल्या, ढोल घुमला.

आधी एकदम शांतता पसरली. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग निरुतचा आवाज आला, "गप रे! कोच बघतील!" आणि त्यावर सगळं अंगण खदखदलं. ढोलाचा ठेका धरला गेला, आणि हसण्याचा आवाज हळूहळू बदलत गेला. आता लोक टाळ्यांनी ताल देत होते. शंकू चार, शंकू पाच. सायबुआला पावलं ऐकू येत होती, जड, नेमकी, ठेक्याच्या किंचित मागे.

ती समोर पाहत होती, खांबाकडे. आणि देवळाचे खांब म्हणजे आरशाच्या बारीक तुकड्यांनी जडवलेले. प्रत्येक तुकड्यात नखाएवढा एक कोच मुरोई नाचत होता. जरीचं वस्त्र, टोकदार सोनेरी मुकुट, आणि तो घसरू नये म्हणून हनुवटीखालून बांधलेली खेळाडूंच्या मोज्यांची पांढरी चिकटपट्टी. शेकडो मुरोई एकाच वेळी बोटं मागे वाकवत होते, एकाच वेळी गुडघा उचलत होते. सगळ्यांचे चेहरे लाकडात कोरल्यासारखे गंभीर.

आधी डोळे मिटावेत, की आधी देवाचे आभार मानावेत, हे ठरेपर्यंत सायबुआचा जरासा वेळ गेला. तेवढ्यात एका गिरकीला चिकटपट्टी सुटली, शेकडो मुकुट एकदम तिरके झाले आणि शेकडो हातांनी ते सावरले. तेव्हा कुठे तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

नाच संपला. काकांनी कौल लावला. लाकडं फरशीवर वाजली.

"एक उताणा, एक पालथा!" काका ओरडले. "घेतला! देवाने घेतला!"

अंगणात असा जल्लोष झाला की प्लॅस्टरचे दोन रेडे आडवे झाले. सायबुआ डोळे मिटूनच रडत आणि हसत होती.

संध्याकाळी सामना. सायबुआ झाकलेल्या गाडीमागे, भिंतीकडे तोंड करून. पोटात दुपारपासून काही नव्हतं, पण भूक आठवतही नव्हती. पहिल्या अर्ध्यात 'ओऽऽ' दोनदा चढला, दोनदा उतरला. मग एकदा असा उठला की उतरलाच नाही, ढोल, पातेली, शिंगं सगळं एकदम. गोल! नाव कुणाचं ते गर्दीच सांगत होती, एदीलसों, एदीलसों.

मग फार फार वेळ नुसत्या शिट्ट्या. आणि अगदी शेवटी, सगळे आता सुटलो म्हणत असतील तेव्हा, मैदान एकदम गप्प झालं.

ही शांतता तिला ओळखीची होती. पेनल्टी. आणि आपल्याकडून कुणी मारणार असतं तर निदान ढोल तरी वाजला असता. म्हणजे त्यांची.

सायबुआचे हात जोडले गेले. तोंड उघडलं. "चाओ फो, मी थाखामची..." आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. आता कुणाचे पाय घालायचे? काकांचे? थोरल्या भन्तेंचे? नको, बाई, नको. ती तशीच बसून राहिली, डोळे मोठे करून, भिंतीवरच्या पालीकडे पाहत.

मग जो आवाज उठला त्याने गाडीवरचे वाडगे खणखणले. पाल पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरोई नेहमीच्या वेळेला पेज खायला आले. सायबुआने आज न विचारता दोन अंडी फोडली. त्यांनी एक चमचा खाल्ला, चमचा खाली ठेवला.

"मावशी, नाच कसा होता?"

पौर्णिमा संपली असली तरी खोटं न बोलण्याचं शील रोजचंच होतं.

"मी पाहिला नाही, कोच. पाठ करून बसले होते."

"काकांनी सांगितलं. अजिबात नाही?"

"थोडा. खांबाच्या आरशात आला. मी बघायला गेले नव्हते, तोच आला."

"किती थोडा?"

सायबुआने मान खाली घातली. "मुकुट तिरका होईपर्यंत."

मुरोईंच्या खांद्यांना काहीतरी झालं. आधी तिला वाटलं ठसका लागला. मग तो आवाज बाहेर पडला, खोल, गंजलेल्या दारासारखा. फाटकातून आत जाणारा निरुत जागच्या जागी थिजला. कोच हसत होते. डोळे पुसत हसत होते.

"पुढची फेरी जपानच्या संघाशी आहे," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "माझ्या गावाजवळचा. फार चांगला संघ."

"मी काही बोलणार नाही, कोच. शपथ."

"तुम्ही नको. आता मी."

ते उठले. घाटाच्या दिशेला वळले, पेन्सीबाईंनी शिकवलं होतं तसे हात जोडले आणि बाजारातल्या शेवटच्या मासेवालीलाही ऐकू जाईल अशा मैदानी आवाजात, रीतसर, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"चाओ फो, मी मुरोई, आता थाखामचा. जपानच्या संघाला हरवू द्या. हरवलं, तर सायबुआ मावशी भर मैदानात निरुतला पेनल्टी मारतील. पुऱ्या पोशाखात. जर्सी, मोजे, बूट."

"अहो कोच! मला न विचारता?"

मुरोईंनी वाकून नमस्कार केला आणि उरलेली पेज शांतपणे खायला बसले. फाटकातून निरुतने ओरडून विचारलं, "मावशी, उजव्या पायाने की डाव्या?"

सायबुआने पळी खाली ठेवली आणि स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.